उंच खेळाडूला नेम नसतो, म्हणे!

मागच्या महिन्यात एक वडील आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा वर्गात सगळ्यांत उंच, बास्केटबॉल खेळणारा. तपासायला म्हणून आणलं होतं गुडघा. जाताना वडिलांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, उंच मुलांचा नेम कच्चा असतो का हो? सर म्हणतात, तू फक्त रिंगखाली उभा राहा, फ्री थ्रोच्या सरावात वेळ घालवू नकोस." मुलगा खाली मान घालून बसला होता.

सरांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही, हे आधी मान्य करू. अमेरिकेच्या एनबीएत बघा. 7 फूट 1 इंच उंचीचा शकील ओनील कारकिर्दीत जेमतेम 53 टक्के फ्री थ्रो टाकू शकला. 6 फूट 3 इंचांचा स्टीव्ह नॅश 90 टक्के. तिथल्या खेळाडूंच्या यादीत उंची वाढते तसा फ्री थ्रोचा आकडा साधारणपणे उतरतो. पण म्हणून 'उंचीमुळे नेम बिघडतो' असं म्हणायचं? माझा आक्षेप नेमका इथे आहे.

एक सोपं गणित करा. एका मैदानावर हजारो मुलं आहेत. प्रत्येकाला उंचीचे 1 ते 10 आणि नेमाचे 1 ते 10 गुण द्या. समजा, या दोन गुणांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. आता नियम करा: बेरीज 15 किंवा जास्त असेल, तोच संघात. उंचीला 10 गुण असलेल्याला नेमात 5 पुरतात. संघात शिरलेल्या अशा मुलांचा नेम 5 ते 10, सरासरी 7.5. उंचीला 6 गुण असलेल्याला नेमात 9 किंवा 10 हवेतच, सरासरी 9.5. संघात पाहाल तर उंच मुलं नेमात मागे! मैदानावर नसलेला संबंध संघात आला कुठून? दारातून. निवडीच्या दारानेच तो तयार केला.

एनबीएचं दार तर फारच अरुंद. बुटक्याला तिथे शिरायचं तर हात सोन्याचा हवा. शिवाय उंच खेळाडूला लहानपणापासून रिंगखालीच उभं करतात, मग नेम येणार कसा? आणि फ्री थ्रोऐवजी मैदानी फेक मोजली, तर हाच ओनील 58 टक्क्यांवर जातो, कारण तो रिंगजवळून टाकतो. माप बदललं की निष्कर्ष उलटा! शेवटी डर्क नोवित्झ्की आहेच: उंची 7 फूट, फ्री थ्रो 88 टक्के.

तुम्ही म्हणाल, दवाखान्याच्या ब्लॉगवर हे कशाला? कारण हीच चूक रोज तुमच्या मोबाइलवर 'संशोधन सांगतं' अशा मथळ्याने येते, आणि तिथे फ्री थ्रो नाही, जीव जातो.

1946 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी दाखवून दिलं, की फक्त रुग्णालयातले रुग्ण मोजले तर एकमेकांशी संबंध नसलेले दोन आजारही जोडीचे वाटू शकतात. कारण रुग्णालय हेही एक दारच आहे. आजार असलेलेच त्यातून आत येतात.

1971 मध्ये जेकब येरुशल्मी यांच्या अभ्यासातून एक विचित्र आकडा पुढे आला. कमी वजनाच्या बाळांमध्ये, धूम्रपान करणाऱ्या आयांची बाळं न करणाऱ्यांच्या बाळांपेक्षा कमी दगावत होती. मग सिगारेट बाळाला वाचवते का? मुळीच नाही. इथे 'कमी वजन' हे दार आहे. एका आईचं बाळ तंबाखूमुळे लहान राहिलं. दुसरी तंबाखूला शिवलीही नाही, तरी तिचं बाळ लहान. म्हणजे तिथे जन्मजात दोषासारखं आणखी गंभीर कारण असण्याची शक्यता जास्त. दोघांची तुलना केली की तंबाखू उगाच साळसूद दिसते. सगळी बाळं मोजा, तंबाखूचा खरा चेहरा दिसतो.

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या कितीतरी बायका गरोदरपणातही ती सोडत नाहीत. "मी चारही बाळंतपणांत लावली, काय झालं?" असं सासूबाई सुनेला सांगतात. ज्या घरात बाळ दगावलं, तिथली बाई असा दाखला द्यायला पुढे येत नाही. तुमच्या कानावर येतात ते फक्त दारातून सुखरूप आत आलेले. मशेरी ही तंबाखूच आहे. बाळाचं वजन घटवते. आजच थांबवा.

आकडे खोटे नसतात, असं लोक म्हणतात. आकडे खरे असूनही निष्कर्ष साफ खोटा असू शकतो. तेव्हा 'हे करणारे जास्त जगतात', 'ते खाणाऱ्यांना हा आजार कमी' असं काही वाचलंत, तर पुढे पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही माणसं मोजणाऱ्यापर्यंत कोणत्या दारातून आली आणि बाहेर कोण राहिलं? उत्तर सापडलं नाही, तर निदान त्या बातमीवरून औषध बंद करू नका. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

त्या मुलाला मी सांगितलं, "गुडघा बरा झाला की रोज शंभर फ्री थ्रो टाक. तुझ्या उंचीचा तुझ्या नेमाशी काही झगडा नाही." त्याने पहिल्यांदाच मान वर केली.