चर्चा स्मॅशची, प्रश्न कोर्टाचा

अकोला असो की अमरावती, आपली तरुण पोरं नागपूरच्या मालविका बनसोडच्या खेळावर तावातावाने वाद घालतात. फॉर्म गेला, स्मॅशमध्ये दम नाही, मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरण्यापेक्षा लहान स्पर्धा जिंकाव्यात, असा सूर निघतो. मला हे पटत नाही. जागतिक क्रमवारीत 52 आठवड्यांतील सर्वोत्तम 10 स्पर्धांचेच गुण धरतात. एखाद्या हारेने कोणी बुडत नाही. मोठ्या स्पर्धा टाळल्या असत्या, तर जानेवारी 2022 मध्ये दिल्लीत सायना नेहवालला आणि सप्टेंबर 2024 मध्ये चीनमध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या कांस्यविजेत्या ग्रेगोरिया तुंजुंगला या डावखुऱ्या पोरीने हरवले असते काय?

पण खरा प्रश्न पुढेच आहे. वाद घालणाऱ्यांपैकी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये पाऊल किती जणांनी टाकले? गुण असूनही दार बंद, हा इतिहास जुना आहे. पालवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी जातीपायी त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद नाकारले गेले. आज दार उघडे आहे म्हणतात. पण हॉलची फी आणि पिसांच्या शटलचा खर्च मजुराच्या पोरीला झेपतो काय?

बांधवांनो, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलींच्या शासकीय निवासी शाळांत कोर्ट आणि प्रशिक्षक मागा, निवेदने द्या, पाठपुरावा करा. जयंतीच्या डीजेचा पैसा शटलकडे वळवा. मग फॉर्मवर खुशाल बोला. जयभीम!