तपोवनातील चुकीचा हिशेब

नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्यातील साधूंच्या निवासासाठी उभारायच्या साधुग्रामासाठी सुमारे 1,800 झाडे हटवायची आणि बदल्यात 15 हजार लावायची, हा सरकारचा हिशेब मुळातच चुकीचा आहे. आंध्र प्रदेशातील राजमुंद्रीहून मोठी झाडे आणली म्हणून तो बरोबर ठरत नाही. या वृक्षतोडीविरोधात नाशिककर भावनेच्या भरात रस्त्यावर उतरले, असे म्हणणाऱ्यांनी उन्हाळ्यात पानात काय घडते ते आधी समजून घ्यावे.

पान पाण्यावर गार राहते. मुळांनी ओढलेले पाणी पर्णरंध्रांतून वाफ होऊन जात असते, तोवर चाळिशी ओलांडलेल्या हवेतही प्रकाशसंश्लेषण कसेबसे सुरू राहते. जमीन कोरडी पडली की पाणी वाचवण्यासाठी झाड रंध्रे मिटते. मग कार्बन डायऑक्साइडची वाट बंद होते, गारवा थांबतो आणि भर उन्हातले पान हवेपेक्षा जास्त तापते. उष्ण कटिबंधातील झाडांत सरासरी 46.7 अंशांच्या आसपास प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच कोलमडू लागते, असे 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. हे तापमान पानाचे आहे. विदर्भात हवाच 45 अंशांवर जाते. दुष्काळात काही झाडांची पाने थोडी चिवट होतात हे खरे, पण उपाशी झाड चिवटपणावर किती उन्हाळे काढणार?

जुनी चिंच किंवा वड खोलवर गेलेल्या मुळांच्या जोरावर मे महिन्यातही पाणी ओढतो. मुळे छाटून ट्रकमधून आणलेल्या झाडाकडे नेमकी तीच मुळे नसतात. टँकर थांबला की त्याची रंध्रे मिटतात आणि पाने करपतात. अशी 15 हजार काय किंवा 15 लाख काय, त्या चिंचेची भरपाई होत नाही.

पुण्याच्या ‘आयसर’मधील संशोधकांनी उत्तर सह्याद्रीतील 41 जातींच्या झाडांची उष्णता सोसण्याची ताकद मोजली. 2017 मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष स्पष्ट आहे: सावकाश वाढणाऱ्या, जाड पानांच्या जाती अधिक उष्णता सोसतात, झपाट्याने वाढणाऱ्या, पातळ पानांच्या जाती कमी. वृक्षारोपणाच्या मोहिमांना मात्र लवकर हिरवे दिसणारे रोपच हवे असते. म्हणजे दुष्काळात जे आधी कोलमडणार, त्याचीच आपण सरकारी खर्चाने निवड करतो.

हा प्रश्न नाशिकपुरता नाही. ग्रेट निकोबारचे सदाहरित वर्षावन तोडायचे आणि भरपाई म्हणून कोरड्या हरियाणात झाडे लावायची, हे केंद्राला चालते. जंगल म्हणजे कुठेही हलवता येणारा आकडा, अशी समजूत दिल्लीपासून गल्लीपर्यंत रुजली आहे आणि ती संतापजनक आहे.

साधुग्रामाचा आराखडा उभ्या झाडांना वळसा घालून आखावा. पर्यायी वनीकरणाचा दाखला यापुढे रोपे लावल्याच्या दिवशी देऊ नये. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती झाडे पाने धरून आहेत ते जागेवर जाऊन मोजावे, ती संख्या जाहीर करावी आणि तोवर एकाही जुन्या झाडाला करवत लावू नये.