पोस्ट एकाची, शिक्षा अख्ख्या वस्तीला

खटाव तालुक्यातील पुसेसावळीत १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री जमाव मशिदीवर चालून गेला. निमित्त सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह पोस्टचं. एका तरुणाचा जीव गेला, जाळपोळ झाली, जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरातही मोबाईल स्टेटसवरूनच दगडफेक झाली होती.

दोन्हीकडे साखळी तीच. स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतो, पोस्ट नक्की कुणाची हे कळायच्या आत लोक रस्त्यावर. पोलिसांना तपासाला वेळ लागतो, फॉरवर्डला सेकंदही नाही. पोस्ट गुन्हाच असेल, तर गुन्हेगार टाकणारा. शेजारचा दुकानदार नव्हे. आणि तेढ पसरवायला ती पुढे ढकलणाराही सुटत नाही: भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. स्क्रीनशॉटची जागा पोलीस ठाण्यात, गावच्या ग्रुपवर नाही.