कुलूपबंद संदेश आणि सरकारची किल्ली

१९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार ज्या सातारा जिल्ह्यात नांदले, त्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग मोडत होता. तारायंत्र परकीय सत्तेच्या हाती. म्हणून भूमिगतांनी तारा तोडल्या आणि आपले निरोप विश्वासू माणसांवर सोपविले. लोकचळवळीला गुप्त निरोपाचे मोल काय असते, हे या मुलखाला शिकविण्याची गरज नाही.

त्या सत्तेपाशी १८८५ चा तार कायदा होता. ‘सार्वजनिक आणीबाणी’ वा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे शब्द उच्चारले की कोणाचाही संदेश अडविता येई. स्वतंत्र भारताने २०२३ साली नवा दूरसंचार कायदा केला. पण त्याच्या २० व्या कलमात हेच दोन आधार कायम राहिले. शिवाय संदेश ‘समजेल अशा स्वरूपात’ उघड करण्याचा हुकूम देण्याचा अधिकारही सरकारने घेतला. म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेला संदेश किल्लीसह हजर करावयाचा!

त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने ‘व्हीपीएन’, म्हणजे इंटरनेटवरील कुलूपबंद खासगी जोडणी, पुरविणाऱ्यांवर ग्राहकांची नावे व पत्ते ५ वर्षे जपून ठेवण्याची सक्ती केली. कंपन्यांच्या अंतर्गत जोडण्यांना मात्र ती लागू नाही, असा खुलासाही झाला. कंपनीचे गुपित तेवढे व्यवहार आणि सामान्य नागरिकाचे गुपित तेवढे संशयास्पद, हा कोणता न्याय?

गुन्हेगारही या कुलपाआड लपतात, हा सरकारपक्षाचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु हुकूम देणार गृहसचिव आणि तो तपासणार सचिवांचीच समिती, याला अंकुश म्हणता येत नाही. खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच सांगितले आहे. विशिष्ट संशयिताविरुद्ध न्यायाधीशाचा लेखी हुकूम असावा. सर्वांच्याच कुलपांची दुसरी किल्ली घडवू नये. अशी किल्ली उद्या चोराच्याही हाती पडेल.

संपाची तयारी करणारा साखर कामगार आणि सांगलीच्या हळदपेठेतील हमाल यांचेही निरोप आता याच वाटेने जातात. म्हणून हा प्रश्न केवळ वकिलांचा व तंत्रज्ञांचा न मानता कार्यकर्त्यांनी तो कामगारांच्या व शेतकऱ्यांच्या सभांतून मांडला पाहिजे, आणि न्यायाधीशाच्या हुकमाची अट कायद्यात घालण्याची मागणी लावून धरली पाहिजे.