दानजी म्हणजे बरणी

‘शिकून शेवटी चूलच फुंकायची, तर कॉलेजात कशाला जायचे?’ हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो, आणि तो बहुधा मुलींनाच. हाताने काम करणे म्हणजे शिक्षण वाया जाणे, असे आपण जणू गृहीतच धरले आहे. या समजुतीला धक्का देणारे एक उदाहरण मला सातासमुद्रापलीकडे सापडले.

हूनी किम हे कोरियात, सेऊल येथे जन्मले आणि लंडन व न्यूयॉर्कमध्ये वाढले. ते वैद्यकीचे विद्यार्थी होते. ते शिक्षण सोडून ते पाकशाळेत गेले, न्यूयॉर्कच्या नामांकित भटारखान्यांत राबले आणि २०१० साली त्यांनी त्याच शहरात स्वतःचे छोटेसे कोरियन उपाहारगृह काढले. २०११ साली मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेने त्याला तारा दिला. कोरियन उपाहारगृहाला मिळालेला तो पहिलाच तारा होय. नाव होते ‘दानजी’, म्हणजे मातीची बरणी.

हे नाव सार्थ आहे. कोरियन स्वयंपाकाचा जीव बरणीतच असतो. सोयाबीन शिजवून, कुटून त्याचे ठोकळे करतात, ते वाळवून आंबवतात आणि मग मिठाच्या पाण्यात मुरवतात. त्यातले पाणी म्हणजे गान्जांग आणि उरलेला लगदा म्हणजे द्वेनजांग. २०२४ साली युनेस्कोने ही विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. परंतु ज्या बायकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांना विदुषी कोणी म्हटले? माझी आई शाळेची पायरी चढलेली नाही. पण लोणच्याला मीठ कमी पडले तर बुरशी धरते, हे तिला रसायनशास्त्र न शिकता ठाऊक आहे.

येथे कोणी म्हणेल, डॉक्टरकी सोडण्याची चैन ज्याला परवडते त्याने ती करावी. हे मला मान्य आहे. मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. मी उद्या पुस्तके मिटून चुलीपाशी बसले, तर त्याला कोणी धाडस म्हणणार नाही. आणि दुसऱ्याच्या भटारखान्यात आयुष्यभर भांडी घासण्यात कसली आली आहे प्रतिष्ठा?

मुद्दा मालकीचा आहे. ‘दानजी’च्या यादीत पारंपरिक पदार्थ एका बाजूला होते, तर दुसऱ्या बाजूला बुलगोगी भरलेल्या छोट्या पावांसारखे नवे पदार्थ. जुने किती ठेवायचे, नवे किती करायचे, भाव काय लावायचा, हे सारे रांधणाऱ्यानेच ठरवले. माझ्या आईच्या लोणच्याचा भाव मात्र दुकानदार ठरवतो.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, मला वाटते, शिक्षणाने आपल्याला आईबापांच्या कामापासून तोडू नये. त्या कामाचा हिशेब मांडण्याचे आणि भाव सांगण्याचे बळ त्याने द्यावे. ते जमत नसेल, तर जाब चुलीला नव्हे, पदवीला विचारला पाहिजे.

— द्वितीय वर्ष कला