दृष्टान्त उरला, दार्ष्टान्तिक हरवले : अब्राहम ट्वर्स्की यांच्याविषयी

एखाद्या व्यक्तीच्या ठायी परस्परविरोधी वाटणारे दोन व्यवसाय एकत्र आले, की आपली चरित्रपर लेखनाची परंपरा तत्काळ 'समन्वय' हा शब्द पुढे करते. शब्द सोयीचा आहे, म्हणूनच तो संशयास्पदही आहे. अब्राहम ट्वर्स्की (१९३०-२०२१) हे ज्यू धर्मगुरू, म्हणजे रबाय होते, आणि मनोविकारतज्ज्ञही होते. त्यांच्या निधनानंतर धर्म आणि विज्ञान यांचा त्यांनी मिलाफ घडवला, असे बरेच लिहिले गेले. आमचे मत थोडे निराळे आहे. दोन क्षेत्रे एकमेकांत मिसळून टाकण्यापेक्षा त्यांच्यामधली सीमारेषा कुठून जाते, हे अचूक ओळखण्यात ट्वर्स्कींचे मोठेपण आहे. आणि आज ज्या एका लहानशा चित्रफितीमुळे ते जगभर ओळखले जातात, तिच्यात नेमकी हीच गोष्ट हरवली आहे.

ट्वर्स्की घराणे चेर्नोबिलच्या हसिदी परंपरेतले. अठराव्या शतकातील मेनाखेम नाखूम हे या परंपरेचे मूळपुरुष. हसिदी पंथात गुरूचे मुख्य काम कर्मकांडापुरते नसते. दारी आलेल्याचे दुःख ऐकणे आणि त्याला वाट दाखवणे, हे त्याचे खरे काम. अमेरिकेतील मिल्वॉकी येथे अब्राहम यांचे वडील हेच काम करत होते. अब्राहमही १९५१ मध्ये रबाय झाले आणि वडिलांच्या हाताखाली काम करू लागले. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत चित्र पालटत होते. मनाचे गाऱ्हाणे घेऊन लोक आता मानसशास्त्रज्ञाकडे जाऊ लागले होते आणि रबायच्या वाट्याला लग्ने, बारशी व अंत्यविधी एवढेच उरत होते. वडिलांसारखे व्हायचे असेल तर वडिलांचा मार्ग सोडावा लागेल, असा हा विलक्षण पेच होता. त्यांनी वैद्यकाची वाट धरली ती परंपरेविरुद्ध बंड म्हणून नव्हे. परंपरेचा गाभा जिथे स्थलांतरित झाला होता, तिथवर त्याचा माग काढत ते गेले.

हे धाडस किती मोठे होते, ते काळ लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही. फ्रॉइडने १९२७ मध्येच धर्माला भ्रम ठरवले होते आणि पन्नाशीच्या दशकातील अमेरिकी मनोविकारशास्त्रावर त्याच्या विचारांची घट्ट पकड होती. अशा वेळी दाढीधारी रबाय जेझुइटांच्या मार्क्वेट विद्यापीठात वैद्यक शिकू लागतो! शिक्षण चालू असताना पैशांची चणचण पडली, तेव्हा त्यांचे शुल्क भरण्यासाठी ४,००० डॉलर देऊ केले ते डॅनी थॉमस या लेबनीज वंशाच्या कॅथलिक विनोदी नटाने. पुढे पिट्सबर्गमधील सेंट फ्रान्सिस या कॅथलिक जोगिणींनी चालवलेल्या रुग्णालयात ट्वर्स्की मनोविकार विभागाचे प्रमुख झाले आणि सुमारे वीस वर्षे त्या पदावर राहिले. रुग्णाला आपल्या धर्माकडे वळवणे हा त्यांच्या कामाचा भाग कधीच नव्हता. सीमारेषेचे भान म्हणतो ते हेच.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात या भानाची खरी कसोटी लागली. १९७२ मध्ये त्यांनी पिट्सबर्ग परिसरात गेटवे हे पुनर्वसन केंद्र उभारले. मद्यपी माणसाविषयी तेव्हा दोन सोपी मते होती : धर्मनिष्ठांच्या लेखी तो पापी, तर वैद्यकाच्या लेखी शरीरातून विष उतरवून घरी धाडण्याजोगा रोगी. ट्वर्स्कींना दोन्ही अपुरी वाटली. व्यसन हा रोग आहे, तेव्हा रुग्णाला लाज वाटायला लावून तो बरा होणार नाही, हे त्यांच्यातील वैद्याने सांगितले. पण दारू सुटल्यावर जी पोकळी उघडी पडते ती औषधाने भरत नाही, हे त्यांच्यातील रबायला ठाऊक होते. म्हणून १९३५ मध्ये सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या बारा पायऱ्यांचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. स्वतः व्यसनी नसूनही ते या संघटनेच्या सभांना जात. या चळवळीचे मूळ ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती पंथात असल्याने सनातनी ज्यूंना ती परकी वाटे. आत्मपरीक्षण, चुकीची कबुली आणि दुखावलेल्याची भरपाई ही सूत्रे ज्यू नीतिशास्त्रातही तितकीच खोल रुजलेली आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

त्यांनी साठाहून अधिक पुस्तके लिहिली. साहित्याच्या अभ्यासकांना त्यांपैकी 'अ‍ॅडिक्टिव्ह थिंकिंग' विशेष विचार करायला लावील, कारण ते वस्तुतः भाषेविषयीचे पुस्तक आहे. व्यसनी माणूस मूर्ख नसतो. उलट त्याची बुद्धीच त्याच्या व्यसनाची वकिली करू लागते आणि वरवर निर्दोष दिसणारी तर्काची साखळी रचत जाते. हे रुग्णांना पटवण्यासाठी त्यांना चार्ल्स शुल्झच्या 'पीनट्स' या चित्रमालिकेचा उपयोग झाला. लूसी दर वेळी ऐन क्षणी चेंडू काढून घेते आणि 'या खेपेस नाही घेणार' म्हणून चार्ली ब्राऊन पुन्हा धावतो. व्यसनाचे याहून नेमके चित्र कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल? शुल्झच्या चित्रांसह त्यांचे 'व्हेन डू द गुड थिंग्ज स्टार्ट?' हे पुस्तक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र त्यांच्या लेखनातील सर्वांत धीट कृती म्हणजे 'द शेम बॉर्न इन सायलेन्स' हे १९९६ चे पुस्तक, असे आम्हांस वाटते. ज्यू कुटुंबांत पत्नीला होणारी मारहाण हा त्याचा विषय. धर्मनिष्ठ समाजात असे काही घडतच नाही, हा समज त्यांनी मोडला आणि समाजाची नाराजी ओढवून घेतली. ज्यू परंपरेत 'शलोम बायित', म्हणजे घरातील शांती, हे मोठे मूल्य आहे. 'लशोन हारा', म्हणजे दुसऱ्याविषयी वाईट बोलणे, हे पाप आहे. पीडित स्त्रीला गप्प बसवण्यासाठी नेमके हेच दोन पवित्र शब्द वापरता येतात. पवित्र शब्दांचा असा दुरुपयोग बाहेरच्या टीकाकाराने दाखवला असता तर तो धर्मद्वेष ठरला असता. घरातल्याच, तेही चेर्नोबिल घराण्यातल्या माणसाने दाखवला, म्हणून तो टाळता आला नाही.

आता त्या चित्रफितीकडे येऊ. दंतवैद्याकडे वाट पाहत असताना वाचलेला एक लेख ट्वर्स्की सांगतात. शेवंड वाढतो तसे त्याचे कवच त्याला अपुरे पडते. तो खडकाखाली जाऊन ते टाकतो आणि नवे धारण करतो. अस्वस्थता ही वाढीची खूण, हे तात्पर्य. शेवंडांमध्ये डॉक्टर असते तर त्यांनी गोळ्या देऊन अस्वस्थता शमवली असती आणि शेवंड कधी वाढलाच नसता, अशी मिस्किल पुस्तीही ते जोडतात. मानसिक आजाराची औषधे घेणे हा दुबळेपणा मानणाऱ्यांच्या हाती ही पुस्ती आयतेच शस्त्र देते. ज्या माणसाने अनेक दशके रुग्णांवर वैद्यकीय उपचार केले, त्याच्याच तोंडून हे शस्त्र मिळावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

महानुभावांच्या 'दृष्टान्तपाठा'ची रचना आपल्या परिचयाची आहे : आधी सूत्र, मग दृष्टान्त, शेवटी दार्ष्टान्तिक. केसोबासांनी दृष्टान्ताला दोन्ही बाजूंनी बांधून ठेवले, कारण सुटा दृष्टान्त कुणाचाही होतो, हे त्यांनी जाणले असावे. शेवंडाच्या गोष्टीचे नेमके हेच झाले आहे. तिचे सूत्र म्हणजे ट्वर्स्कींचे वैद्यक, आणि तिचे दार्ष्टान्तिक म्हणजे गेटवेमधील रोजचे काम. अस्वस्थता वाढीची केव्हा आणि आजाराची केव्हा, हे ओळखण्यातच त्यांची हयात गेली. दोन्ही बाजू गळून पडल्या आणि गोष्ट तेवढी उरली.

अर्थात ट्वर्स्कींचे सगळेच स्वीकारावे, असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक मानसिक दुःखांच्या मुळाशी स्वतःविषयीचा न्यूनभाव असतो, हा त्यांचा लाडका सिद्धान्त इतका सैल आहे, की तो कशालाही लागू पडतो. गरिबी, हिंसा, मेंदूचे विकार यांचे वजन त्यात पुरेसे धरले जात नाही. परंतु स्वतःच्याच समाजाच्या न्यूनगंडाला आणि अहंगंडाला सामोरे जाण्याची वेळ आली तेव्हा ते कचरले नाहीत, हेही तितकेच खरे.

२०२१ च्या जानेवारीअखेर जेरुसलेममध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. अंत्यविधीला भाषणे नकोत, आपण चाल दिलेले 'होशिया एस अमेखा' हे स्तोत्र तेवढे गावे, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. ज्याने आयुष्यभर शब्दांनी उपचार केले, त्याने आपल्याविषयीचे शब्द मात्र नाकारले. आम्हां लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी यात एक सूचना आहे : सुटे वाक्य किंवा सुटी गोष्ट उचलून वर्गात मांडण्याआधी ती सांगणाऱ्याचे काम काय होते, एवढे तरी विचारावे.