हे कुत्रे कोणाचे?

वार्षिकांकासाठी लेख मागविले, तेव्हा आमच्या वर्गात कोणी बेकारीवर लिहायला घेतले, कोणी हुंड्यावर, कोणी वऱ्हाडातल्या कापसावर. मी कुत्र्याच्या चिपवर लिहिणार म्हटल्यावर सगळे हसले. एकजण तर म्हणाला, "अबे, तुया घरी खायचे वांधे, अन् तू कुत्र्याच्या चिपवर लिवतं?"

त्याचे म्हणणे खोटे नाही. मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पाळीव कुत्र्याच्या कातडीखाली काचेचा तुकडा बसविण्यासाठी कोणी हजार रुपये मोजतो, हे बाबांना सांगितले असते तर त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला असता. तरीही माझे मत असे की, या चिपचा संबंध बंगल्यातल्या हौसेशी जेवढा आहे, त्याहून अधिक तो बंगल्याच्या फाटकातून कामाला जाणाऱ्यांशी आहे.

आधी ही चिप म्हणजे काय ते सांगतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत अकोल्याचा माझा एक मित्र आपले लॅब्रेडॉर घेऊन एका खाजगी दवाखान्यात निघाला, मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी प्रथम हातात मावेल असे एक यंत्र कुत्र्याच्या पाठीवरून, खांद्यांवरून फिरविले. त्याला रीडर म्हणतात. अंगात आधीच चिप आहे की काय, हे त्यावरून कळते. नव्हती. मग एका जाड सुईच्या सिरिंजमधून, दोन्ही खांद्यांच्या मधल्या सैल कातडीखाली, त्यांनी ती टोचली. भूल नाही, टाका नाही. कुत्रे जरासे कुंईं करून बिस्किटाकडे वळले. पुन्हा रीडर फिरविला, तेव्हा पडद्यावर पंधरा आकडे उमटले. ते आकडे प्रमाणपत्रावर लिहिले, शिक्का मारला, काम संपले. चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

चिप तांदळाच्या दाण्यासारखी असते. लांबी सुमारे बारा मिलिमीटर, जाडी दोन. बाहेर काच, आत बारीकशी तारेची गुंडाळी. तिला बॅटरी नसते. रीडर जवळ आणला की त्याच्या लहरींनी ती क्षणभर जागी होते, आपला आकडा सांगते आणि पुन्हा झोपते. बस्स, एवढेच. पुष्कळांची समजूत अशी की कुत्रे हरवले तर ते कुठे आहे हे मोबाईलवर दिसेल. तसे काही होत नाही. चिप जागा सांगत नाही, नाव सांगत नाही, पत्ताही सांगत नाही. ती फक्त आकडा सांगते. त्या आकड्यापुढे कोणाचे नाव आहे, हे कुठल्या तरी नोंदवहीत लिहिलेले असावे लागते. नोंदवही नसेल, तर तो आकडा म्हणजे पत्ता न लिहिलेले पाकीट होय.

खर्चाचे म्हणाल तर मित्राने चिप, टोचणी आणि प्रमाणपत्र मिळून बाराशे रुपये दिले. त्याच गावात दुसऱ्या एका दवाखान्यात सातशे सांगितले होते, अमरावतीत एका ठिकाणी दोन हजार. ज्याला जसे वाटेल तसे. परतताना मी मित्राला विचारले, "उद्या हे कुत्रे राजकमल चौकात कोणाला सापडले, तर त्या माणसाने काय करावे?" तो म्हणाला, "दवाखान्यात न्यावे." कुठल्या दवाखान्यात? रीडर कोणाकडे आहे? असलाच तर तो आकडा कोणत्या वहीत शोधायचा? मित्राजवळ उत्तर नव्हते. प्रमाणपत्र त्याच्या कपाटात, कुत्रे चौकात. मधला रस्ताच कोणी बांधलेला नाही.

आता मी या विषयाकडे का वळलो ते सांगतो. अमरावतीत मी मावशीकडे राहतो. ती चार घरची धुणीभांडी करते. दीड वर्षापूर्वी त्यातल्याच एका घराच्या फाटकात तिच्या पोटरीला कुत्रा चावला. दोन दात चांगलेच रुतले. इर्विनमध्ये नेले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "कुत्रे कोणाचे? त्याला लस दिलेली आहे काय? दहा दिवस नजरेखाली ठेवता येईल काय?" या प्रश्नाला फार अर्थ आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, असेच धरून चालावे लागते. आणि चावलेले कुत्रे दहा दिवस ठणठणीत राहिले, तर त्या चाव्यातून रेबीज झाला नाही हे पक्के होते. म्हणून कुत्र्याचा मालक कोण, हा प्रश्न पोलिसी नाही, वैद्यकीय आहे.

मी विचारायला गेलो. घरधनी फाटक न उघडताच म्हणाले, "ते कुत्रे आमचे नाही. रस्त्यावरचे आहे, येऊन बसते." मावशी गेली दोन वर्षे रोज सकाळी त्याच कुत्र्याला त्याच घरच्या ताटलीत दूधपोळी देत आली होती. गळ्यात पट्टा होता, तो तेवढा त्या दिवशी गायब झाला होता. चौथ्या दिवशी कुत्रेही गायब झाले. बडनेरा रोडला गाडीतून नेऊन सोडले, असे शेजारच्या कामवालीने सांगितले. मावशीच्या जखमेत सीरम टोचले, पुढच्या लसी ठरलेल्या दिवसांना झाल्या. सरकारी दवाखान्यात पैसे लागले नाहीत, पण कामाचे खाडे झाले आणि ते घर सुटले. तिच्या पायापेक्षा मला आजही टोचते ते तिचे वाक्य. ती म्हणाली, "जाऊ दे बापा, मोठ्या लोकाईसंग कोन भांडन? कुत्रं काय त्याईचं नाव सांगते?"

नेमके तेच. त्या कुत्र्याने नाव सांगितले असते, तर?

कायदा म्हणाल तर आहे. ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पण 'ताब्यातले' हा शब्द आला की सगळे घोडे अडते. ताबा सिद्ध कोणी करायचा? धुणीवालीने? जनावर सोडून देण्याचा गुन्हा तर याहून गमतीचा. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्यात पाळलेले जनावर टाकून देणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळी दंड आहे दहा ते पन्नास रुपये. चिपला बाराशे, टाकून द्यायला पन्नास. व्यवहारी माणूस काय करील ते सांगायला अर्थशास्त्राचे प्राध्यापक नकोत.

मौज अशी की ओळखीची ही कल्पना काही परदेशातून कालपरवा आलेली नाही. आपला महानगरपालिका अधिनियम १९४९ चा. त्यातच कुत्र्यांची नोंदणी करविण्याची, गळ्यात पट्टा आणि त्याला धातूचा बिल्ला लावायला सांगण्याची तरतूद आहे. अमरावती १९८३ मध्ये महानगरपालिका झाली, अकोला २००१ मध्ये. या दोन्ही शहरांतल्या किती कुत्र्यांच्या गळ्यात असा बिल्ला वाचकांनी पाहिला आहे? मी एकाच्याही पाहिला नाही. शिवाय बिल्ला काय, पट्ट्यासकट काढून खिशात टाकता येतो; आमच्या प्रकरणात पट्टा तसाच गेला. चिप खिशात टाकता येत नाही, तिचा मोठा गुण हाच.

आणि खर्चाचा बोजा कोणावर, याचेही उत्तर कागदावर केव्हाच देऊन झाले आहे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले. पैदास करणाराने नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये आणि पिल्लाला चिप बसवूनच विकावे, असे त्यात आहे. माझ्या मित्राने आपले लॅब्रेडॉर चौदा हजारांना घेतले. विकणाराने पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दिले. पावती नाही, चिप तर नाहीच. म्हणजे जो खर्च विकणाराचा होता, तो विकत घेणाराने केला, तोही हौशी होता म्हणून. ज्यांना ही हौस नाही, त्यांची कुत्री बिननावाची राहतात आणि नकोशी झाली की बडनेरा रोडला जातात.

आता आमच्या घरच्या गाईची गोष्ट ऐका. तिच्या कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावर बारा आकडे. पशुवैद्यकीय दवाखान्याचा माणूस गावात आला, गोठ्यातच मारून गेला. एक पैसा घेतला नाही. २०२२ साली लम्पीची साथ आली, अकोला, बुलढाणा, अमरावतीकडे गुरे पटापट मेली. तेव्हा सरकारने मेलेल्या गाईमागे तीस हजार, बैलामागे पंचवीस आणि वासरामागे सोळा हजार रुपये भरपाई दिली. बाबा तोवर त्या बिल्ल्याला 'गाईचं डूल' म्हणून हसत. त्यानंतर हसायचे थांबले. १ जून २०२४ पासून तर बिल्ल्यावाचून जनावराची बाजारात खरेदी-विक्री नाही, असा राज्य सरकारचा आदेश निघाला. म्हणजे ज्या जनावराची किंमत ठरते, त्याला आकडा फुकट आणि घरपोच मिळतो. कुत्र्याच्या बाबतीत नुकसान होते ते माणसाचे, आणि तेही बहुधा वीज-मीटर वाचणाऱ्याचे, पोस्टमनचे, कामवालीचे, शाळेतून परतणाऱ्या पोराचे. त्यासाठी बारा आकडे कोण खर्च करणार?

एक आक्षेप मला आमच्या तर्कशास्त्राच्या सरांनी घेतला, तो महत्त्वाचा आहे. सर म्हणाले, "सक्ती केलीस की पहिला दंड झोपडपट्टीतल्या माणसाला होईल, बंगल्यातल्याला नाही." खरे आहे. २०२५ मध्ये चेन्नई महानगरपालिकेने पाळीव कुत्र्यांना परवाना आणि चिप सक्तीची केली, नाहीतर पाच हजार दंड. पाच हजार म्हणजे आमच्या मावशीची महिन्याची कमाई. म्हणून माझे म्हणणे असे की, दंड आधी नको, रीडर आधी हवा. रेबीजच्या लसीबरोबर चिप फुकट टोचा, आकडा महानगरपालिकेच्या वहीत चढवा, ती वही इर्विनच्या डॉक्टरला उघडता येऊ द्या. सक्ती करायचीच तर विकणारावर करा, तो तर पैसे कमावतो. ब्रिटनने १९८७ मध्ये कुत्र्याचा जुना परवाना रद्द केला होता, कारण तो कोणी काढीतच नसे. २०१६ मध्ये तिथे चिप सक्तीची झाली. ब्रिटनमध्ये पशुवैद्य रस्तोरस्ती आहेत. आपल्याकडे रीडरावाचून सक्ती म्हणजे विहिरीआधी दोर विकत घेणे.

गावच्या कुत्र्यांचे काय, हेही विचारले जाईल. आमच्या गल्लीतला मोत्या कोणा एकाचा नाही, साऱ्या गल्लीचा आहे. त्याला पंधरा आकडे देऊन करायचे काय? तिथे लस पुरे. गोव्याने तेच केले. २०१४ पासून तिथे 'मिशन रेबीज'ने सरकारच्या साहाय्याने घरची आणि रस्त्यावरची कुत्री पकडून लसी टोचल्या. टोचलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण, मोबाईलमध्ये जागेची नोंद. चिप नाही, काही नाही. २०१८ नंतरची काही वर्षे गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद नाही, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच मारतात, तीही ओळखच. ज्याला मालक नाही, त्याला एवढी ओळख पुरते. चिप हवी ती मालक असूनही 'आमचे नाही' म्हणता येऊ नये म्हणून.

शेवटी आपल्या महाविद्यालयाचा प्रश्न. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हलविण्याचा आदेश दिला. आपल्या सायकल स्टँडजवळ सध्या तीन कुत्री असतात. त्यांतले एक पांढरे, लांब केसांचे आहे. हाक मारली की बसते, पंजा पुढे करते, आणि त्याच्या मानेवरचे केस एका पट्ट्याएवढ्या रुंदीत झिजलेले आहेत. हे रस्त्यावर जन्मलेले नव्हे, कोणीतरी आणून टाकलेले आहे. पिंजऱ्याची गाडी येण्यापूर्वी त्याच्या पाठीवरून एकदा रीडर फिरवावा, असे मला वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस पशुवैद्य बोलावता येईल. तिन्ही कुत्र्यांना लसही टोचून होईल. रीडर कोणाकडे उसना मिळतो, याची चौकशी मी अकोल्यापर्यंत करून आलो आहे. प्राध्यापकांपैकी कोणाची पशुवैद्यकीय खात्यात ओळख असेल, तर त्यांनी मला ग्रंथालयात भेटावे. तासिका संपल्यावर मी पाचपर्यंत तिथेच असतो.